डबीला प्लस

“मग चूक कुणाची, ते तरी सांगा, मावशी.”

मेल्विनने पेडल टेबलावर आपटलं नाही. ठेवलं. पण त्या ठेवण्यातच आपटणं होतं.

कारमेलीन मावशी ओट्यावर बसून गिटारची जुनी तार गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही.

गिरीज गावात तिला ओळखत नाही असं घर नाही. लग्नाच्या बँडमध्ये बाई दिसली की लोक कुजबुजायचे, त्या काळात ती मधोमध उभी राहून गिटार वाजवायची. पायाखालची पेडलंही स्वतःच बनवायची. पेडल म्हणजे गिटार आणि स्पीकर यांच्या मधे बसणारी पत्र्याची डबी. पायाने दाबली की गिटारचा आवाज बदलतो. मावशीच्या डबीतून निघणारा आवाज, गळा बसलेल्या माणसाने जीव तोडून गावं, तसा.

ती विद्या तिने एकट्या मेल्विनला दिली. बाकीचेही आले होते शिकायला. तिचं बोलणं सोसून टिकला तो हाच.

“झाकणावर नाव कोरलंयस,” मावशी म्हणाली.

“माझं पहिलं पेडल आहे.”

“डबीपेक्षा नाव मोठं दिसतंय.”

मेल्विनने झाकणावर तळहात ठेवला.

“काय झालं? रडगाणं नको. झालं तेवढं सांग.”

“काल हॉलमध्ये तालीम होती. बँड चालवतो तो सायमन, त्याच्या पायाशी त्याची नेहमीची पेडलं, सगळी एकाच अडॅप्टरवर. त्याच अडॅप्टरची एक पिन मोकळी होती, ती मी माझ्या पेडलला लावली. मग गिटारची वायर सगळ्या पेडलांतून फिरवली आणि...”

“आणि?”

“सगळी पेडलं मुकी झाली. अडॅप्टर इतका तापला की हात लावता येईना. मग गेलाच.”

“सायमन काय बोलला?”

“हसला. सगळ्यांसमोर. म्हणाला, तुझं पेडल डोक्यावर उभं आहे. परवाच्या लग्नाआधी आमच्यासारखं करून आण, नाहीतर घरी ठेव आणि तूही घरी बस.”

मावशीने तार बाजूला ठेवली.

“आणि तू काय केलंस?”

“एकेक डाख तपासला. एकही चुकलेला नाही. तुम्ही शिकवलंत तसंच आहे. तुमचा तो आवाज देणारे जुने ट्रान्झिस्टर उलटे चालतात, म्हणून प्लस डबीला आणि मायनस आत. बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

“मग सायमनचं चुकलं.”

“त्याच्या पेडलांत मायनस डबीला असतो. बहुतेकांचा तसाच असतो. त्याचंही बरोबर आहे.”

“दोघंही बरोबर कसे असू, मावशी? अडॅप्टर जळाला.”

“दोघंही बरोबर आहात, म्हणूनच जळाला.”

मेल्विनचे कान लाल झाले. कोडी ऐकायला तो आलाच नव्हता.

मावशी उठली. फळीवरचं एक साधं, बाजारातलं पेडल काढून तिने मेल्विनच्या पेडलशेजारी ठेवलं. दोघांच्या मधे आवाजाची वायर जोडली.

“तुझ्या डबीवर बोट ठेव. काय आहे बोटाखाली?”

“प्लस.”

“दुसरं बोट त्या डबीवर ठेव. तिथे?”

“मायनस.”

“काल दोन्ही एकाच अडॅप्टरचे होते?”

“...हो.”

मावशीने मधली वायर चिमटीत धरून ताणली.

“हिच्या आत बारीक तार असते, बाहेरून तारेचीच जाळी असते. ती जाळी कुठून कुठे जाते?”

“माझ्या डबीपासून...”

मावशी थांबली. घाई तिला कधीच नसते.

“...त्या डबीपर्यंत. म्हणजे प्लस सरळ मायनसला भिडला.”

मेल्विनने दोन्ही बोटं काढून घेतली. त्या वेळी कशातच करंट नव्हता. तरी काढून घेतली.



“उलटवतो,” शेवटी तो म्हणाला. “आजच्या आज नवे ट्रान्झिस्टर टाकतो. मायनस डबीला. लग्नात वाजेल तरी.”

“टाक.”

“टाकू?”

“हात तुझे आहेत. आवाज कसा येईल?”

“...सायमनच्या पेडलसारखा.”

“तो तर त्याच्याकडे आहेच की. तुला कशाला बोलावेल?”

मेल्विनने खाली पाहिलं. झाकणावरच्या स्वतःच्या नावाकडेही त्याला बघवेना.

मावशीने पेडल उचलून फिरवलं. “हे भोक कसलं?”

“अडॅप्टरची पिन लावायची जागा. तुमच्या पेडलांना नव्हती. मी सुधारणा केली.”

“माझ्या पेडलांना का नव्हती?”

“मला वाटलं...”

“बोल. अडलास कशाला?”

“वाटलं, तुम्हाला जमलं नसेल.”

मावशी खदखदून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसले, चार स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि कटर हातात घेतला.

“मावशी, फार मेहनतीने बसवलंय ते...”

कट्. एक वायर तुटली.

कट्. दुसरी.



तुटल्या टोकांना तिने सेलवर दाबून बसणारी टोपी डाखली आणि चौकोनी सेल बसवला. प्लस डबीला, होता तिथेच. झाकण लावलं. बाजारातलं पेडल मावशीच्या अडॅप्टरवर, मेल्विनचं आपल्या सेलवर, आणि दोघांमधे तीच आवाजाची वायर. स्पीकर जोडला आणि गिटार मेल्विनच्या हातात दिली.

त्याने एकच तार छेडली.

शेजारच्या वाडीत केळीला पाणी सोडणारा माणूस पाइप हातात धरून तसाच उभा राहिला.

मेल्विनने पुन्हा छेडली. पुन्हा. अडॅप्टरला हात लावून पाहिला. गार होता.

“म्हणजे आवाजाची वायर त्यांच्याशी जोडली तरी चालते...”

“जोडायचीच. त्याशिवाय बँड कसला? करंट तेवढा आपला आपण न्यायचा.”

मेल्विनने पेडल पिशवीत टाकलं. दारापर्यंत गेला. तिथेच घोटाळला.

“ते सगळे एका अडॅप्टरवर. मी एकटा सगळ्यांसमोर डबी उघडून सेल घालत बसणार. सायमन परत हसेल, मावशी.”

मावशीने तार पुन्हा हातात घेतली होती.

“हसू दे. तुझं पेडल त्याच्या हसण्यावर चालत नाही.”