घंटा, नऊ घराणी आणि अर्धी प्रार्थना

खाडीकाठच्या एका जंगलात एक म्हातारी साळुंकी राहत असे. मुलांनो, साळुंकीची जात तशी कलकलाट करणारी. पण ही मोजकेच बोले, आणि बोलली की त्यातले निम्मे बोलणे एकाच गोष्टीचे असे. "आमच्या रानात," ती मान ताठ करून सांगे, "संध्याकाळची प्रार्थना एक दिवससुद्धा चुकलेली नाही."

अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट होती. त्या रानात चर्च नव्हते. भेंडीच्या, म्हणजे भाजीच्या नव्हे, खाडीकाठी वाढणाऱ्या मोठ्या भेंडीच्या झाडाखाली दगडी चौथऱ्यावर एक क्रूस होता आणि झाडाच्या फांदीला एक पितळी घंटा. फादर होते, पण ते करकोचा. थंडीबरोबर यायचे, सणाची मिस्सा, म्हणजे मोठी उपासना, करायचे, चार दिवस राहून पुढच्या पाणथळीकडे उडायचे. मग वर्षाचे उरलेले दिवस चौथरा झाडायचा कोणी, दिवा लावायचा कोणी, आजाऱ्याच्या बिळाशी जाऊन बसायचे कोणी? तर याच साध्या प्रापंचिक प्राण्यांनी. ससा झाडलोट करी, सांबर शिंगात दोरी अडकवून घंटा वाजवी, मुंगूस चणे उकडून आणी. प्रार्थना संपली की प्रत्येकाच्या पानावर मूठभर चणे पडत, असा तिथला रिवाज होता.

आता त्या प्रार्थनेची रीत ऐका. जपमाळेतली प्रत्येक 'नमो मारिया' दोन भागांत म्हणायची. पहिली अर्धी एकाने म्हणायची आणि दुसरी अर्धी बाकीच्यांनी उत्तर म्हणून द्यायची. पूर्वीच्या फादरांनी सांगून ठेवले होते की ही रीत मोडू नका, म्हणजे एकट्याने प्रार्थना उरकायची सवय कोणाला लागणार नाही. एका वर्षी असे वादळ झाले की सगळे रान बिळात दडले. साळुंकी तेव्हा तरुण होती. ती भिजत, धडपडत क्रूसापाशी आली, तर तिथे एक नाकतोडा तेवढा हजर. तिने म्हटले, त्याने उत्तर दिले आणि दोघांनी माळ पुरी केली. त्या नाकतोड्याची आठवण निघाली की अजूनही साळुंकीचे डोळे भरून येत.

पण मुलांनो, चांगल्या रीतीलाही कधी कधी कीड लागते. पहिली अर्धी म्हणायला पुढे उभे राहावे लागे. पुढे उभा राहणारा सगळ्यांना दिसे. बघता बघता तो मान झाला. रानकोंबड्याने तुरा हलवत जाहीर केले, "सुरुवात करणं आमच्या घराण्याकडे पणजोबांपासून आहे." मग सांबराला आठवले की त्याच्याही घराण्याकडे आहे. सशाला आठवले, मुंगसाला आठवले. वाद नको म्हणून नऊही जुन्या घराण्यांना सुरुवातीचे वार वाटून दिले, दोन वारांना दोन-दोन घराणी, आणि ज्याचा वार नसेल तो "आम्ही काय मागचे आहोत?" असे म्हणत ओठ मिटून बसू लागला. उत्तर देणे हे पोराटोरांचे काम ठरले. पोरेटोरे मोठी झाली आणि खाडीपलीकडच्या फळझाडांच्या रानात निघून गेली. तूही राणी, मीही राणी, मग कोण भरील पाणी? तशी गत झाली. सुरुवात करणारा आपली अर्धी म्हणे आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या मण्यावर जाई. साळुंकीला हे दिसत होते. पण तीही त्या नवांतलीच एक होती, आणि रविवार तिचा होता.

त्या वर्षी सण झाल्यावर करकोचा फादर उडण्याआधी घंटेपाशी थांबले.

"खाडीपलीकडे नवा क्रूस उभा राहिलाय," ते म्हणाले. "तिथे घंटा नाही. काल इथे मला सुरुवात ऐकू आली, उत्तर ऐकू आलं नाही. पुढच्या सणाला प्रार्थना पुरी ऐकू आली तर घंटा तुमची. नाही तर मी ती पलीकडे नेईन. शोभेला टांगून ठेवायची वस्तू नाही ती."

त्या घंटेच्या आवाजावर साळुंकीची पिल्ले उडायला शिकली होती. तिचा जोडीदार गेला तेव्हा हीच घंटा वाजली होती. घंटा गेली तर उद्या दिवा जाईल, परवा चौथऱ्यावर वारूळ उठेल आणि कोणी विचारले, इथे काय होते, तर सांगायलाही कोणी नसेल. "नेऊ देणार नाही," ती स्वतःशी म्हणाली. पण काय करायचे, ते काही तिला सुचेना.

पावसाळा सरला आणि डोंगराकडून नवे प्राणी येऊ लागले. डोंगराला सुरुंग लागले होते. एक रानडुकरीण आली, तिच्यामागे सात पिल्ले. बेडकांचे एक कुटुंब आले. वटवाघळांचा एक थवा आला. डोंगरावर त्यांचाही एक लाकडी क्रूस होता, तो दगडांखाली गेला होता. पहिल्याच संध्याकाळी घंटा ऐकून ते सगळे भेंडीच्या झाडाकडे धावत आले, हरवलेले घर सापडल्यासारखे.

रानकोंबडा आडवा झाला. "थांबा, थांबा! हे अंग चिखलाने भरलेलं, ते आवाज घोगरे, आणि हे तर उलटे लटकतात! उलटं लटकून कोणी प्रार्थना करतं का?"

"न्हाय लटकलो तर पडतो हो आमी," एक वटवाघूळ बिचारे म्हणाले.

"आणि यांची चाल वेगळी आहे," मुंगूस पुटपुटले. "आपली चाल बिघडेल."

सगळ्यांनी साळुंकीकडे पाहिले. तिने 'या' म्हटले असते तर कोणाची छाती नव्हती मोडता घालायची. पण तिला वाटले, सण तोंडावर आलाय, आत्ता भांडण नको. "पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. सशाने चौथऱ्याभोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले. प्रार्थना संपली की साळुंकी स्वतः कुंपणावरून पलीकडे चणे टाकी, आणि आपण केवढे भले करतो आहोत असे समजून झोपायला जाई. मुलांनो, भल्या माणसांचीही अशी चूक होते. घास दिला की जागा द्यायचे त्यांना आठवत नाही.

सणाचा दिवस उजाडला. करकोचा फादरांनी सकाळी मिस्सा केली, आणि संध्याकाळी ते भेंडीच्या शेंड्यावर जाऊन बसले. खाली नऊही घराणी नटूनथटून हजर होती. सांबराने घंटा वाजवली. आणि नवाच्या नवांनी एकदम सुरुवात केली!

"सणाचा मान आमचा!" रानकोंबडा ओरडला.

"आज वार माझा आहे!" मुंगूस म्हणाले.

"झाडलोट कोण करतं रोज?" सशाने विचारले.

वर फादरांनी घंटेच्या दोरीकडे एकदा पाहिले. ते पाहून सगळ्यांची तोंडे बंद झाली. शेवटी ससा हळूच म्हणाला, "साळुंकीमावशी वयाने मोठी आहे. तिलाच म्हणू दे."

साळुंकी पुढे आली. तिने पहिली अर्धी 'नमो मारिया' म्हटली, स्पष्ट आणि गोड, जशी ती आयुष्यभर म्हणत आली होती. मग ती थांबली. उत्तराची वाट पाहू लागली.

कोणी उत्तर दिले नाही. सांबराने ओठ हलवले, पण पुढचे शब्दच त्याला आठवेनात. इतकी वर्षे ते त्याने म्हटलेच कुठे होते? रानकोंबड्याला आठवत होते, पण कोणाच्या मागून म्हणायला त्याचा गळाच उघडेना.

साळुंकीने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा शांतता. वादळात एक नाकतोडा होता, तिच्या मनात आले, आज तोही नाही. संपलं. आणि खरोखर तिला रडू फुटले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून उत्तर आले.

ते घोगरे होते, त्यात डुरकणे होते, वर कुठेतरी बारीक चिरका सूर होता आणि सात पिल्ले अर्धा शब्द मागे होती. पण त्यातला एक शब्द चुकला नव्हता. 'आमेन' आले तेव्हा भेंडीची पानेसुद्धा हलल्यासारखी वाटली.

साळुंकी वळली आणि तडक कुंपणाशी गेली. "तुम्हाला आमची चाल कोणी शिकवली?"

"शिकवल कोन, मावशी?" रानडुकरीण ओशाळून म्हणाली. "रोज हितनं ऐकू येती. आमची चाल निराळी, ती मोडून तुमच्या चालीवर बसवली. पयल्या दिवसापासनं आमी उत्तर देतोय, पन हळू देतो. तुमाला तरास नको म्हून. आज तुमी रडलात, तवा मोठ्यानं निघालं."

पहिल्या दिवसापासून! रोज संध्याकाळी माळ पुरी होत होती, आणि ती पुरी करणाऱ्यांना आपण काट्यांवरून चणे फेकत होतो. साळुंकीला इतकी लाज वाटली की तिने वर पाहिलेच नाही. तिने चोचीत बोरीची फांदी धरली आणि ओढू लागली. काटा लागून चोचीच्या कडेला रक्त आले. ते पाहून ससा पुढे धावला, मग सांबराने शिंगे घातली, आणि कुंपणाला हे मोठे खिंडार पडले.

"या," साळुंकी म्हणाली. "आत या. उशीर झाला मला हे म्हणायला."

"अहो बाई, चाल बिघडली ना!" रानकोंबडा अजून फुरफुरत होता.

"चाल बिघडली असेल," साळुंकी म्हणाली, "पण प्रार्थना पुरी झाली. तुमच्या-माझ्या सुरेल गळ्यांनी ती अर्धीच राहिली होती."

साळुंकीने रानडुकरिणीला क्रूसासमोर आणून उभे केले. "आज सुरुवात तू कर. तुझ्या डोंगरावरच्या चालीत कर." आणि ती स्वतः मागे, अगदी शेवटच्या रांगेत, बेडकांशेजारी जाऊन बसली. रानडुकरिणीने भीत भीत पहिली अर्धी म्हटली. साळुंकीने उत्तर दिले. कितीतरी वर्षांनी ती उत्तर देत होती, आणि तिला वाटले, याच्याइतके गोड आपण पुढे उभे राहून कधी म्हटले नव्हते. तिच्यामागून ससा म्हणू लागला, मुंगूस म्हणू लागले, सांबराला शब्द आठवले. पाचव्या मण्याला रानकोंबड्याने तोंड उघडले. मग अर्थातच त्याचेच उत्तर सगळ्यांत मोठ्याने होते. सवय एका दिवसात जाते थोडीच!

त्या संध्याकाळी पानावर चण्यांबरोबर रानडुकरिणीने उकरून आणलेले, उकडलेले करांदे होते. करकोचा फादर खाली उतरले, एक करांदा खाल्ला, दुसरा मागून घेतला. साळुंकीने भीत भीत विचारले, "फादर, घंटा?"

फादरांनी चोचीने दोरी ओढून पाहिली. "ही दोरी जुनी झाली आहे," ते म्हणाले. "नवी, जाड लावा. आता खूप ओढली जाणार आहे ती."

साळुंकी त्यानंतर आणखी तीन सण जगली. शेवटी तिला उडवेना, तेव्हा रानडुकरिणीची पिल्ले तिला पाठीवर बसवून चौथऱ्यापाशी आणत. मान मात्र तिची तशीच ताठ. खाडीवर नवा कोणी उतरला की ती त्याला बोलावून सांगे, "आमच्या रानात संध्याकाळची प्रार्थना एक दिवससुद्धा चुकलेली नाही." मग थोडे थांबून म्हणे, "यातले एका सणाआधीचे बरेच दिवस ती कुंपणाबाहेरच्यांनी सांभाळली. तेही सांगितलंच पाहिजे. ये, बस. उत्तर देता येतं ना?"

तात्पर्य : पुढे उभे राहणारे कितीही असोत, उत्तर देणारे असतील तरच भक्तांचा मेळा टिकतो, म्हणून दाराशी आलेल्याला नुसता घास देऊ नये, आपल्या शेजारी जागा द्यावी.