वाळूत पडलेलं फडकं

गाड्या आणि फडकी एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. नव्याकोऱ्या काळ्या गाडीला पॉलिश करता करता मऊ फडकं घसरून वाळूत पडलं आणि तसंच पुन्हा बॉनेटवर चढलं.

“थांब!” गाडी ओरडली. “तुला वाळू चिकटलीय. आधी धुऊन ये.”

फडक्याचा पारा चढला. “माझ्याइतकं मऊ या गॅरेजात कुणी नाही! काल आलेली तू, मला शिकवतेस?” रागाच्या भरात ते आणखीच जोराने घासू लागलं. गाडी नको नको म्हणत कळवळत राहिली.

दमल्यावर फडक्याने पाहिलं, तर बॉनेटभर ओरखडे उठले होते. ते खजील झालं. “मला तुला चमकवायचंच होतं गं.”

“म्हणूनच तर आधी तुला अंगाला लागू दिलं होतं; पण वाळूसकट नाही!” गाडी संतापून म्हणाली.

फडकं वाळू धुवायला शेजारच्या पाण्याच्या बादलीत उतरलं.