बेहड्यावरची सात नंबरची ढोली

सह्याद्रीत, जिथे नकाशाची घडी पडते आणि गावांची नावं वाचता येत नाहीत, तिथे एक जंगल होतं. त्या जंगलावर गवा राज्य करायचा. गव्याला झाडावर चढता येत नसे. म्हणून सगळी झाडं त्याच्या मालकीची होती.

झाडांवर जे राहत, ते भाडेपट्ट्याने राहत. गव्याच्या पणजोबांनी बेहड्याच्या रानातल्या चाळीस ढोल्या धनेश पक्ष्यांना नव्याण्णव पावसाळ्यांसाठी लिहून दिल्या होत्या. नव्याण्णव पावसाळे म्हणजे कायमच, असं तेव्हा देणाऱ्यालाही वाटलं आणि घेणाऱ्यालाही. यंदा वैशाखी अमावास्येला ते कायम संपत होतं.

सात नंबरच्या ढोलीत केरबा धनेश आणि त्याची बायको सगुणा राहत. आता धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि चिखलाने आतून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. नर बाहेरून उंबरं आणून भरवतो. पिल्लांना पंख फुटेपर्यंत तीन महिने दार उघडत नाही. ही रीत राज्यापेक्षा जुनी आहे, त्यामुळे कायद्यात तिचा उल्लेख नाही.

केरबा भाडेपट्टा कचेरीत गेला. तिथे साळिंदर अव्वल कारकून होतं. त्याच्या अंगावर इतके काटे होते की अर्ज लांबूनच द्यावा लागे.

"मुदतवाढ पाहिजे," केरबा म्हणाला.

"पट्टेदार दोघं. दोघांनी समक्ष हजर व्हायचं."

"साहेब, मंडळी लिंपलेली आहेत."

"सगळ्यांचीच असतात. कोणाची आजारी, कोणाची माहेरी. समक्ष म्हणजे समक्ष."

"मग स्थळपाहणी तरी करा."

"ती करणारच. तो आमचा छंद आहे."

दुसऱ्या दिवशी पाहणीला माकड आलं. त्याने दारावर तीनदा टकटक केली.

"कोण आहे?" आतून सगुणा म्हणाली.

"स्थळपाहणी! ढोलीत कोणी राहतं का?"

"मी राहते की! मुडदा बसवला तुझा, अंडी हलली ना!"

माकडाने पंचनामा लिहिला: 'दार पूर्णतः बंद. आतून आवाज आला, तथापि आवाजासाठी रकाना नाही. सबब ढोली वापरात नसून रिकामी आहे.' मग ते पुढच्या ढोलीकडे गेलं. हंगामच तो होता. चाळीसच्या चाळीस ढोल्या रिकाम्या निघाल्या.

रिकाम्या ढोल्यांचा पुनर्विकास करावा, असा फतवा निघाला. काम रानबोक्याला मिळालं. रानबोक्याला बांधकामाचा अनुभव नव्हता, पण पक्ष्यांमध्ये काम करण्याचा दांडगा अनुभव होता. तो सात नंबरच्या फांदीवर येऊन बसला आणि फटीतून आत बघत मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, काही आवराआवर करू नका. आतल्या सामानासकट ताबा घेणार आहे मी."

त्या दिवसापासून केरबा उंबरं आणायला लांब जाईना. दिवसभर फांदीवर बसून राही. सगुणाला निम्मी फळं मिळू लागली आणि आत नुकतीच दोन पिल्लं अंड्यातून बाहेर आली होती.

"दार फोडून बाहेर ये," केरबा म्हणाला. "कचेरीत हजर होऊ, मग परत लिंप."

"आणि तोवर पिल्लं? त्या बोक्याच्या मांडीवर देऊ का? अहो, ते बाहेर कसला गोंगाट चाललाय?"

"निवडणूक आहे. महाराजांची सभा."

राजाच असला तरी गवा दर पाच पावसाळ्यांनी निवडणूक घेई. त्याला निवडून यायला फार आवडे. खालून त्याचा आवाज येत होता: "बंधूंनो आणि भगिनींनो! मी झाडावर चढू शकत नाही! का? कारण माझे पाय जमिनीवर आहेत!" कोल्हा दिवाण त्याच्या शेजारी उभा राहून टाळ्यांच्या जागा दाखवत होता.

सगुणाने फटीतून चोच बाहेर काढली. मग म्हणाली, "अहो, एवढं त्या दिवाणाला विचारून या. ढोली रिकामी असेल तर माझं मत कोणत्या पत्त्यावर आहे?"

केरबाने जाऊन विचारलं. कोल्ह्याने मतदारयादी उघडली. सात नंबरमध्ये दोन मतं होती. आठमध्ये दोन. त्याने चाळिसाव्या ढोलीपर्यंत बोट नेलं आणि त्याची शेपटी खाली गेली. महाराज गेल्या वेळी एकतीस मतांच्या फरकाने निवडून आले होते.

"कोण म्हणतं ढोल्या रिकाम्या आहेत?" कोल्हा ओरडला.

"तुमचाच पंचनामा."

"तो विरोधकांनी लिहिला असणार!"

तासाभरात महाराज बेहड्याखाली आले. मागे वाजंत्री, पुढे माकड. "माझ्या लिंपलेल्या भगिनींनो!" गवा वर बघत हंबरला. "लिंपलेलं दार ही आपली संस्कृती आहे! जो तिला रिकामी म्हणेल, त्याला हे जंगल माफ करणार नाही! मी शब्द देतो, आणखी नव्याण्णव पावसाळे!" फांद्यांवरच्या धनेशांनी टाळ्यांऐवजी पंख फडफडवले.

"ताई, जरा दार उघडा," कोल्हा वर ओरडला. "महाराजांच्या हस्ते आदेश स्वीकारताना दिसायला पाहिजे."

"पिल्लांना पंख फुटल्यावर या," आतून उत्तर आलं.

"मग मत कसं देणार?"

"फटीतून."

"फटीतून चालेल," कोल्हा लगेच म्हणाला. मुदतवाढीला जे दार बंद होतं, ते मताला पुरेसं उघडं निघालं.

मतदान झालं. महाराज बेचाळीस मतांनी आले. रानबोक्याचं काम काढून घेण्यात आलं आणि ढोली संरक्षण महामंडळाच्या अध्यक्षपदी त्याची सन्मानाने नेमणूक झाली. संरक्षण कचेरीत बसूनच करायचं असल्यामुळे तो फांदीवरून उतरला. केरबा पुन्हा लांबची उंबरं आणू लागला.

निकालानंतर आठवड्याने आदेश आला. केरबाने तो फटीजवळ धरून वाचला. चाळीस ढोल्यांना मुदतवाढ मंजूर, पावसाळे पाच.

तो तडक दिवाणाकडे गेला. "शब्द नव्याण्णवचा होता."

"नव्याण्णव देऊन टाकले," कोल्हा आपुलकीने म्हणाला, "तर तुमची आमची भेट कधी होणार, केरबा?"

केरबा परत येऊन फांदीवर बसला.

"पाच तर पाच," सगुणा आतून म्हणाली. "पिल्लं उडतील तोवर. आणि महाराजांना किती मिळाले?"

"त्यांनाही पाचच."

"त्यांनी कोणाकडे मागितले?"

"आपल्याकडे."

"मग आपण त्यांच्याकडे कोणते कागद मागितले?"

केरबाने बराच वेळ आठवून पाहिलं.

"कागद नाही," तो म्हणाला. "आपण पंख फडफडवले."