पायरीची शिवण

बिरोबापुढे अंथरलेली ही घोंगडी जरा जवळून बघा. तिची शिवण सरळ नाही. वरून खाली येते, मध्येच आडवी वळते आणि पुन्हा खाली उतरते. शिवणाऱ्याला धड शिवता येत नव्हतं का, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. येत होतं. बसा, सांगतो.

फार मागे, मोठ्या दुष्काळात, या धोंडेवस्तीवर केराबाई नावाची धनगरीण राहायची. तिचा नवरा मायाप्पा मेंढरं घेऊन लांब गेला आणि तिकडेच वारला. घरी आली ती नुसती त्याची घोंगडी. केराबाईला एक लहान मुलगी होती. अशात एका सकाळी याच देवळाच्या ओट्यावर तिला दुसरी मुलगी सापडली, त्याच वयाची, भुकेने वाळलेली. कुणाची ते कळलंच नाही. केराबाईने तिला कडेवर घेतलं आणि घरी नेलं.

पौषातली आमच्या माळावरची थंडी तुम्हाला सोसायची नाही. पांघरायला तर ती एकच घोंगडी, उंच गड्याच्या मापाची. नऊ वीत लांब, चार वीत रुंद. उभी घातली तर एकच पोर झाकायची, आडवी घातली तर दोघींचे पाय उघडे. मधून कापून अर्धी अर्धी दिली असती तरी पाय उघडेच राहिले असते. दोघी खोकायला लागल्या, तापल्या. तेव्हा थोरला दीर म्हणाला, "केरा, तुझ्या पोटच्या पोरीला पांघरूण घाल. दुसरीचं बिरोबा बघंल."

केराबाई म्हणाली, "बिरोबानंच तिला माझ्याकडं धाडलीया, भावजी. आता मी तिला परत कुटं धाडू?"

मग ती घोंगडी घेऊन देवळात आली. पायऱ्यांवर पसरून रडली. डोळे पुसायला मान वर केली, तेव्हा पायऱ्यांच्या कडा घोंगडीखालून वर आलेल्या दिसल्या म्हणे. बिरोबाने दाखवलं, असे सांगतात. मला विचाराल तर आईलाच सुचलं.

मेलेल्या माणसाच्या घोंगडीला कात्री लावू नये, अशी आमच्यात रीत. दीर आडवा आला. "मायाप्पा असता तर त्यानंच कात्री हातात दिली असती," म्हणत तिने कापायला घेतलं. एका टोकापासून तीन वीत सोडून कात्री निम्म्या रुंदीपर्यंत खाली आणली, तिथून तीन वीत आडवी नेली, मग पुन्हा खाली काठापर्यंत. दोन तुकडे झाले. एक तुकडा एक पायरी वर सरकवला आणि दोन्ही पुन्हा जोडले. सहा वीत लांब, सहा वीत रुंद! लोकरीची एक चिंधीही वाया गेली नाही. दोघी पोरी कुशीला कूस लावून तिच्याखाली मावल्या, आणि जगल्या.

आजही वस्तीत कुणी पोरकं मूल घरी आणलं, की त्याला पायरीच्या शिवणीची घोंगडी पांघरतात. नुसती सरळ शिवण चालत नाही.

त्या दोघींची नावं लगमी आणि भागी. दोघींचे वंश वस्तीत नांदताहेत. पण पोटची कोण आणि सापडलेली कोण, हे केराबाईने मरेपर्यंत ना स्वतः सांगितलं, ना दिराला की वस्तीतल्या कुणाला सांगू दिलं. आजही लगमीच्या घरचे म्हणतात, देवळात सापडली ती आमची आजी. भागीच्या घरचे म्हणतात, छे, ती आमची. जत्रेत दरवर्षी यावरून भांडण होतं, आणि माघार कुणीच घेत नाही.