टॉर्चच्या पोटातला थेंब

माणसं आणि वस्तू एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. खाडीकाठच्या हिराजी तांडेलाकडे एक वॉटरप्रूफ टॉर्च होता. त्याचा तोरा काही विचारू नका! "माझ्या पोटात एका थेंबाने तरी शिरून दाखवावं," असं तो शेजारच्या कंदिलाला रोज ऐकवायचा.

एकदा हिराजीने ओल्या हातांनीच सेल बदलले आणि एक थेंब आत राहिला. काच आतून धुरकटली. कंदील म्हणाला, "बाबा रे, तांडेलांना सांग. उघडून उन्हात ठेवतील."

"वॉटरप्रूफच्या पोटात पाणी? सांगू कोणत्या तोंडाने?" म्हणत टॉर्च गप्प राहिला. हळूहळू आतली स्प्रिंग गंजली, उजेड लुकलुकू लागला.

हिराजी त्याला मांडीवर घेऊन दुरुस्तीला बसला. "आत पाणी गेलंय का रे? उघडून बघू?"

"छे छे! आत सगळं कोरडं आहे. बाहेरची ओलच बाधते मला."

हिराजी आयुष्यभर होडीच्या फटी बुजवत आलेला माणूस. त्याने डांबर तापवलं आणि टॉर्चचा सांधा न् सांधा मायेने लिंपून टाकला. डांबर घट्ट होऊ लागलं तसा टॉर्च घाबरला. "तांडेल, खोटं बोललो मी! उघडा मला!" तो ओरडला. पण आता बाहेरचं पाणी आत जात नव्हतं, तसा आतला आवाजही बाहेर येत नव्हता.

हिराजीने बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. शेवटी टॉर्च खुंटीला अडकवला आणि कंदील घेऊन तो होडीकडे निघाला.

मागे अंधारात काचेवरून एक थेंब ओघळला. आतल्या बाजूने.