सोडणं आणि सोडवणं

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या गुरूंच्या दाराशी आली आणि दार न वाजवताच परत फिरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा फिरली. तिच्या पिशवीत कॉलेज बदलण्याचा अर्ज होता आणि त्यावर नेमकी त्याच गुरूंची सही हवी होती. परक्याला नाही म्हणायला माणसाला फारसं बळ लागत नाही. ज्यानं माया केली त्याच्यापुढे उभं राहून ‘मी जाते’ म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

तिचं नाव रेणुका ढवळे. नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी ती रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडिलांची पिठाची गिरणी होती, आई घरचं पाहून गिरणीतही हात लावायची. आणि गुरू म्हणजे गवांदे सर, रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. सर आता निवृत्तीला आले होते. बोलणं मोजकं, शिस्त कडक, पण एखाद्या विद्यार्थ्यात चमक दिसली की त्याच्यासाठी स्वतःचा डबासुद्धा विसरायचे.

रेणुकात त्यांना ती चमक दिसली होती. गवती चहाचं तेल काढायचा एक प्रयोग सरांच्या मनात कित्येक वर्षं होता. त्यांनी तो रेणुकाच्या हाती दिला. तिनं महिनोन्‌महिने खपून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलावर त्याची मांडणी उभी केली होती: काचेचे गोल चंबू, ज्योतीवर तापवून वाकवलेल्या नळ्या, थंड पाणी खेळवणारी लांब दुहेरी नळी, त्यांना धरून ठेवणारे लोखंडी स्टँड. प्रयोग चालू असला की सगळ्या व्हरांड्यात गवती चहाचा वास दरवळायचा. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना सर ते टेबल दाखवायचे आणि म्हणायचे, “माझ्यानंतर हे काम ही मुलगी पाहील.”

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रेणुकाची छाती फुगली होती. पुढे पुढे तेच वाक्य ऐकलं की ती चंबू पुसायचं निमित्त करून पाठ वळवायला लागली.

कारण तिचं मन दुसरीकडे गेलं होतं. आणि गंमत अशी, की ते नेलं होतं सरांनीच. पहिल्या वर्षाला एकदा त्यांनी मिठाचा कण ज्योतीत धरला, ज्योत पिवळी झाली, आणि एका छोट्या नळीसारख्या उपकरणातून तिला त्या ज्योतीकडे पाहायला लावलं. काळोखात एकच झळझळीत पिवळी रेघ. मग त्यांनी तेच उपकरण खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडाकडे वळवलं. आता रंगांचा सलग पट्टा होता, आणि त्यात बरोबर त्याच जागी एक बारीकशी काळी रेघ. सर सहज बोलून गेले, “म्हणजे सूर्यावरही सोडियम आहे. तिथं कुणी गेलेलं नाही. पण उजेड सगळं सांगत येतो.”

सर पुढच्या क्षाराकडे वळले. रेणुका तिथंच राहिली. उजेड आणखी काय काय सांगत येतो, हे तिला हवं होतं. ग्रंथालयातली मिळतील ती पुस्तकं तिनं वाचली, गणिताच्या सरांना भंडावून सोडलं. तारे कशानं जळतात, किती काळ जळतात, ते दूर आहेत हे कळतं कसं, याखेरीज तिला काही सुचेनासं झालं. गावच्या कॉलेजात हा विषय नव्हता. शहरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र दोन्ही शिकवत होते. तिनं धीर करून तिथं विचारलं. जागा होती. पण पहिल्या वर्षाचे तिथले राहिलेले काही पेपर द्यावे लागणार होते, दुसरं वर्ष नव्यानं करावं लागणार होतं आणि शनिवारी प्रवेशाची मुदत संपणार होती.

घरी तिनं सांगितलं तेव्हा वडिलांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “आम्हाला त्यातलं काय कळतं, बाळा? सरांना विचार. ते हो म्हणाले, तर आमची ना नाही.”

म्हणजे सगळं येऊन थांबलं ते सरांच्या दाराशी. तिसऱ्या दिवशी ती तिथं उभी असताना आतूनच आवाज आला.

“रेणुका, पावलं ओळखतो मी. रोज येऊन परत का जातेस? आत ये.”

ती आत गेली आणि पाठ केल्यासारखं एका दमात बोलली. “सर, मला भौतिकशास्त्र शिकायचंय. खगोलशास्त्र शिकायचंय. इथं ते नाही. शहरातलं कॉलेज घेतो म्हणालंय. वर्ष वाया जाईल, मला माहीत आहे. तुमचं काम अर्धं राहील, तेही माहीत आहे. पण मी... मी सोडून चाललेय, सर.”

सरांनी चष्मा काढला. जुन्या धोतराचा एक तुकडा ते चष्म्यासाठी जवळ ठेवत. त्यानं त्यांनी काचा पुसल्या, मग पुन्हा पुसल्या.

“अर्ज कुठाय?”

तिनं दिला. सरांनी तो वाचला नाही. टेबलावर ठेवून त्यावर पुस्तक ठेवलं आणि उठले.

“चल. आधी ती मांडणी सोडव.”

“कुठली, सर?”

“आपल्याकडे मांडणी एकच आहे.”

प्रयोगशाळेतले मदतनीस मोरेमामा बर्नरची ज्योत बारीक करत होते. ते चपापले. “सर, आत्ता कुठं तेल उतरायला लागलंय. आज कशाला?”

“आजच, मामा. बर्नर बंद करा.”

रेणुकाला वाटलं, ही शिक्षाच आहे. सर रागावले आहेत. चार शब्द बोलले असते, ओरडले असते, तर ते सोसलं असतं. पण ज्या हातांनी हे उभं केलं त्याच हातांनी ते उतरवायला लावणं हे फार कठोर होतं. तिचे डोळे भरून आले. सर मात्र एक स्टूल ओढून शेजारी बसले. ते तिथून हलले नाहीत.

काच निवेपर्यंत दोघं तशीच थांबली. मग ती कामाला लागली, आणि लागली ती घाईघाईनं. कधी एकदा संपतंय असं तिला झालं होतं. स्टँडचा पहिलाच चिमटा हातातून निसटून फरशीवर खणकन पडला.

“घाई करू नकोस,” सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “ज्या क्रमानं मांडलंस, त्याच्या उलट क्रमानं सोडव.”

उलट क्रम आठवायचा तर आधी मूळ क्रम आठवायला हवा. ती आठवू लागली. हे रबरी बूच तिनं शेवटी बसवलं होतं, कारण त्याला भोक पाडताना तिचे हात भरून आले होते. ही वाकडी नळी वाकवताना आधीच्या कितीतरी नळ्या चपट्या होऊन बाद झाल्या होत्या आणि सर म्हणाले होते, “काचेला कधी वाकावंसं वाटतं ते ओळखायचं असतं.” ही दुहेरी नळी तिरकी किती ठेवायची, यावरून तिचं आणि सरांचं चक्क भांडण झालं होतं, आणि तिचं म्हणणं बरोबर निघालं होतं. एकेक भाग हातात येत गेला, तसतसे तिचे डोळे कोरडे होत गेले. हात स्थिर झाले.

मधल्या चंबूचा सांधा मात्र अडकला. काचेत काच घट्ट बसली होती. तिनं ओढून पाहिलं. आणखी जोर लावणार, एवढ्यात सर म्हणाले, “ओढलंस तर दोन्ही जातील.”

ती थांबली. विचार केला. मोरेमामांकडून गरम पाण्यात बुडवलेलं फडकं घेतलं आणि फक्त बाहेरच्या काचेभोवती गुंडाळून धरलं. थोड्या वेळानं हलक्या हातानं फिरवलं. सांधा कुरकुरला, आणि अलगद सुटला.

दुपार कलली तेव्हा टेबल रिकामं झालं होतं. चंबू, नळ्या, बुचं सगळं धुऊन, पुसून कपाटात पालथं मांडलं होतं. जमलेलं थोडंसं तेल एका बाटलीत होतं; मोरेमामांनी तिच्यावर चिठ्ठी डकवली.

“काही फुटलं?” सरांनी विचारलं.

“नाही, सर.”

“नीट बघ.”

तिनं कपाटात पुन्हा एकवार पाहिलं. “काहीच फुटलं नाही, सर.”

सरांनी मोठा श्वास सोडला. इतका वेळ तो त्यांनी धरून ठेवला असावा असं तिला वाटलं. मग त्यांनी तिला समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं.

“मघाशी तू म्हणालीस, ‘मी सोडून चाललेय’. तो शब्द मला खटकला, म्हणून तुला हे काम दिलं. सोडणं आणि सोडवणं, यांत अंतर एकाच अक्षराचं आहे. सोडणारा पाठ फिरवतो. त्याचं काम मागं तसंच उभं राहतं, त्यावर धूळ बसते, आणि माणूस कितीही लांब गेला तरी त्याचं अर्धं लक्ष त्या धुळीकडे असतं. सोडवणारा मात्र एकेक सांधा हाताळतो. कुठं काय शिकलो ते आठवतो, आणि प्रत्येक गोष्ट मोकळी करून ठेवतो. मोकळं झालेलं भांडं उद्या दुसऱ्या कुठल्याही मांडणीत बसतं. तू इथून सोडून जाऊ नकोस, रेणुका. सोडवून जा.”

ती खाली मान घालून ऐकत होती. “पण सर, वर्ष तर वायाच जाणार ना?”

“असं? मला एक सांग. तो अडकलेला सांधा तू कसा उघडलास?”

“बाहेरची काच गरम केली. ती प्रसरण पावली, आतली तशीच राहिली. मग सैल झालं.”

“हे रसायनशास्त्र झालं की भौतिकशास्त्र?”

रेणुकाला क्षणभर कळलं नाही. मग ती हसली. गेल्या कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. मोरेमामाही हसले, आणि मग सरांनाही हसू आवरलं नाही.

हसू ओसरल्यावर तिनं हळूच विचारलं, “सर, तुम्ही रागावला नाहीत?”

“नाही. वाईट वाटलं. ते वाटायचंच. तुझ्यावर माझी काही गणितं मी परस्पर मांडून बसलो होतो. ती तुला विचारून मांडली नव्हती.” सर रिकाम्या टेबलाकडे पाहत म्हणाले, “ही मांडणी उभी राहिली असती तर मी रोज तिच्याकडे बघून म्हणालो असतो, रेणुका टाकून गेली. आता तसं म्हणता येणार नाही. टेबल मोकळं आहे. काही फुटत नाही, हे तुझ्याइतकंच मलाही डोळ्यांनी बघायचं होतं.”

मग ते आपल्या खोलीत गेले, पुस्तकाखालचा अर्ज काढला, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. अर्ज परत देताना एवढंच म्हणाले, “गणित कच्चं आहे तुझं. तिथं पहिले काही महिने जड जातील. घाबरू नकोस आणि लपवूही नकोस. विचारत जा.”

रेणुका वाकून नमस्कार करायला गेली तेव्हा सरांनी तिला अर्ध्यातच थांबवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बाहेर आली तर तिला स्वतःचंच अंग हलकं लागत होतं. गेले कित्येक दिवस आपण खांदे आवळून चालत होतो, हे ते सैल झाल्यावर तिला समजलं. वाटेत भेटलेल्या मैत्रिणीशी ती उगाचच भरभरून बोलली. खूप भूक लागल्याचंही तिच्या ध्यानात आलं.

गिरणीपाशी पोचली तेव्हा पट्टा फिरत होता, वडील पिठानं पांढरे झाले होते. तिला पाहताच त्यांनी गिरणी बंद केली. एकदम शांत झालं. आईही पोत्याचं तोंड बांधता बांधता थांबली.

“काय म्हणाले सर?”

“हो म्हणाले.”

आईनं डोळे मिटून हात जोडले.  वडील अंगावरचं पीठ झटकत, जणू अगदी किरकोळ गोष्ट सांगावी तसं म्हणाले, “सकाळी सातची एसटी थेट जाते, मध्ये बदलावी लागत नाही. मी परवाच स्टँडवर विचारून आलोय.”

रेणुका त्यांच्याकडे पाहतच राहिली. परवा, म्हणजे ती पहिल्यांदा सरांच्या दाराशी जाऊन परत आली होती त्या दिवशी. तिला जे बोलायला इतकं जड गेलं, त्याची तयारी तिच्या माणसांनी न बोलता करून ठेवली होती.

शहरातले पहिले महिने सर म्हणाले होते तसेच जड गेले. वयानं लहान असलेल्या मुलांबरोबर बसून तिला राहिलेले पेपर द्यावे लागले, आणि गणितात एकदा ती नापासही झाली. पण त्या अपयशानं ती मोडली नाही. पाठीमागं काही अडकून राहिलेलं नव्हतं, त्यामुळं सगळी शक्ती पुढच्या कामाला मिळत होती. दुसऱ्या खेपेस ती चांगल्या गुणांनी पास झाली, आणि ज्या विषयासाठी आली होती त्या विषयात रमून गेली.

पण ते पुढचं. शुक्रवारी सकाळी, हातात सही झालेला अर्ज आणि मांडीवर आईनं दिलेला डबा घेऊन ती एसटीत बसली, तेव्हा यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीखाली उभ्या असलेल्या वडिलांनी शेजारच्या माणसाला मोठ्यानं सांगितलं, “सुटली!”

आपल्या भाषेत निघालेल्या गाडीला आणि मोकळ्या झालेल्या माणसाला एकच शब्द आहे. रेणुकानं तो ऐकला, आणि ती सीटला पाठ टेकून स्वस्थ बसली.