खोल्या मोज

“मग तिन्ही पुस्तकं खोटी आणि माझी आजी एकटी खरी, असं म्हणू का सर?”

मोमीन सर शाळेचे ग्रंथपाल. फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते. मान वर केली नाही.

“मी कुठं काय म्हटलं?”

“तेच तर. तेवीस वर्षं या खोलीत बसून तुम्ही कधी काही म्हटलंच नाही.”

सर खळ लावत राहिले...

नववीत शाळा सोडून मला चार वर्षं झाली. तरी वाचनालयाच्या डब्यात माझं कार्ड होतं. रेणुका धोत्रे. ते काढून टेबलावर ठेवलं, एवढाच सरांचा पराक्रम.

भांडण साधं होतं. पुढच्या महिन्यात शाळेच्या दारात दगडी पाटी बसणार होती. ‘ही इमारत कै. रावसाहेबांनी उभारली.’ रावसाहेब म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचे वडील. बहात्तरच्या दुष्काळात त्या इमारतीचा दगड माझ्या आजीनं आणि तिच्यासारख्या बायकांनी फोडला. आजीची बोटं अजून वाकडी आहेत. पाटीवर तिचं नाव पाहिजे, म्हणून मी अध्यक्षांकडं गेले.

“पोरी, छापलेलं वाचत जा जरा,” ते म्हणाले. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. त्या मानेला दुसरं काम नाही.

छापलेलं म्हणजे शाळेच्या तीन स्मरणिका. इमारतीच्या पंचविसाव्या, चाळिसाव्या, पन्नासाव्या वर्षाच्या. तिन्हीत एकच. रावसाहेबांनी ‘दहा खोल्यांची भव्य दगडी इमारत’ उभारली.

“त्यांच्याकडं तीन साक्षीदार,” मी म्हटलं. “माझ्याकडं एक म्हातारी.”

“खोल्या मोज.”

“काय?”

“बाहेर जा. मोजून ये.”

डोकं फिरलं. तरी गेले. दोनदा मोजल्या.

“सात.”

“तीन पाडल्या असतील.”

“नाही पाडल्या. दोन्ही टोकांचे कोपऱ्याचे दगड जागच्या जागी आहेत. दगड फोडणाऱ्यांच्या घरातली आहे मी. एवढं कळतं मला.”

“मग तिघांचीही चूक एकच?”

मी स्मरणिका शेजारीशेजारी उघडल्या. तोच परिच्छेद. तेच ‘भव्य’.

“तिघांची नाही. पहिल्याची. बाकीच्यांनी उतरवून घेतलं... साक्षीदार एकच आहे सर.”

“तो तरी तिथं होता?”

“पंचवीस वर्षांनी लिहिलंय त्यानं.”

“मग तिथं कोण होतं?”

“आजी. रावसाहेब. ...आणि शाळेतली पोरं.”

सरांनी पहिल्यांदा मान वर केली. खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

कोपऱ्यातलं कपाट. आत हस्तलिखितं. पूर्वी दर वर्षी पोरं स्वतःच्या अक्षरात एक अंक काढायची. ते गठ्ठे कुणी उघडले नव्हते. मी चार दिवस धूळ खाल्ली. सरांनी एक पान उलटून दिलं नाही.

चौथ्या दिवशी सापडलं. सहावीतल्या एका पोराचा निबंध. ‘आमची नवी शाळा. सात खोल्या होणार आहेत. अकरा बायका दगड फोडतात. मधल्या सुट्टीत आम्ही त्यांना पाणी देतो.’ खाली नावं. चौथं नाव मरगूबाई धोत्रे.

माझी आजी.

“तुम्हाला माहीत होतं सर?”

“कपाट माहीत होतं. पान नव्हतं.”

पालकसभेत मी तो निबंध उभी राहून वाचला.

“लहान पोरानं लिहिलंय ते,” अध्यक्ष हसले.

“हो. पण त्याला मोजता येत होतं,” मी म्हटलं. “तुमच्या पुस्तकात दहा खोल्या आहेत. बाहेर जाऊन बघा.”

आधी एक बाई उठली. मग रांग उठली. मग अख्खी सभा बोटांवर मोजत व्हरांड्यातून चालली. सात, सात, सात... अध्यक्ष व्यासपीठावर एकटेच बसून राहिले. मुख्याध्यापकसुद्धा मोजायला गेले.

पाटी नव्यानं कोरली. त्या पोरानं लिहिलेली सगळी नावं मीच कागदावर उतरवून दिली. आजीनं वाकडं बोट अक्षरांवरून फिरवलं.

“ह्यात मी कुठली गं?”

“वरनं चौथी.”

“कोरणाऱ्याचा हात बरा आहे,” ती म्हणाली. पाटीखाली बसली, आणि फोटो काढणाऱ्याला म्हणाली, “आता काढ.”

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले. छाती पुढं काढूनच.

“सर, त्या तिन्ही स्मरणिका आता जाळा.”

सरांनी तिन्ही फळीवर लावल्या. शेजारी ते हस्तलिखित. मग पुढची पुस्तकं तळव्यानं सरकवून दोन बोटांची फट ठेवली.

“फट कशाला?”

“पोरानं बायका किती लिहिल्यात?”

“अकरा.”

“नावं मोज.”

मी हस्तलिखित उघडलं. एकदा मोजली. पुन्हा मोजली...

नऊ.

सरांनी माझं कार्ड डब्यातून काढून माझ्यापुढं ठेवलं.

“फट राहू दे. दोघी यायच्यात अजून.”